आगोटीची बेगमी

शिमग्याची पालखी देवळात परत गेली, की कोकणातल्या शेतकऱ्याच्या घरी मृगापर्यंतचे दिवस मोजायला सुरुवात होते. हाताशी जेमतेम अडीच महिने आणि कामे ही एवढी: तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जागा भाजायची, घर शाकारायचे, गडगे नीट करायचे, दावी-कासरे वळायचे, इरली बांधायची, सरपण रचायचे, आमसुले, आठळ्या, मीठ, सुकी मासळी भरून ठेवायची. एकदा पाऊस लागला की चार महिने बाहेरून फारसे काही येणार नाही, असे धरूनच पूर्वी घर चालवले जाई. बंदरे बंद, आगबोटी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली झाकलेल्या आणि गावोगावच्या वहाळांवर पूल नाहीत. तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस अंगावर घेण्याआधीची ही तयारी, म्हणजेच आगोट.

१९२८ साली शेतीविषयक शाही आयोगाने अहवालात लिहून ठेवले, की हिंदुस्थानातल्या बहुसंख्य शेतकऱ्यांना वर्षाकाठी दोन ते चार महिने निव्वळ रिकामपण असते. खेड्यांतल्या जोडधंद्यांची चर्चा पुढे कितीतरी वर्षे याच समजुतीवर चालली. पावसाच्या पाण्यावर एकच भाताचे पीक घेणारे कोकण तर या हिशेबात सर्वांत रिकामे ठरायला हवे. प्रत्यक्षात एकर-दीड एकराच्या खातेदाराला आणि त्याच्या घरच्यांना चैत्र-वैशाखाइतके राबवणारा काळ दुसरा नव्हता. त्या कामाचे पैसे होत नव्हते, त्यावर सारा बसत नव्हता आणि त्यातले निम्म्याहून अधिक काम बायका-मुले करत होती. म्हणून ते कुठल्या कागदावर चढले नाही, इतकेच.

या कामांतले पहिले आणि सर्वांत अवघड म्हणजे राब. सुरुवात थंडीतच होते. ऐन, किंजळ अशा झाडांच्या फांद्या छाटायच्या, म्हणजे कवळ तोडायची, आणि भारे बांधून वाळत टाकायची. मग उन्हे तापली की खाचराच्या वरच्या अंगाला, पाणी तुंबणार नाही अशा तुकड्यावर एकावर एक थर लावायचे. खाली शेण किंवा मोडक्या गोवऱ्या, त्यावर कवळ, त्यावर गवत आणि झाडून आणलेला पातेरा, आणि सगळ्यांत वर ढेकळे फोडून केलेली बारीक माती. आग लावायची ती वाऱ्याच्या विरुद्ध तोंडाने. वाऱ्याच्या दिशेने लावली तर जाळ धावत सुटतो, राख उडून जाते आणि खालची जमीन गारच राहते. वरच्या मातीने जाळ दबला पाहिजे, तो धुमसत पुढे सरकला पाहिजे. माणसे हातात हिरवे डहाळे घेऊन कडेने उभी असतात, कुठे ज्वाळा उठली की झोडपून खाली बसवतात. उत्तर कोकणात याला राब किंवा दाढ भाजणे म्हणतात, रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे भाजावळ. या भाजलेल्या तुकड्यावर भाताची रोपे वाढवून त्याच्या सुमारे दहापट खाचरांत लावणी होते. साऱ्या वर्षाचा तांदूळ त्या काळ्या तुकड्यावर अवलंबून.

आणि याच तुकड्यावरून एकोणिसाव्या शतकात सरकार आणि शेतकरी समोरासमोर आले. १८७८च्या वन कायद्यानंतर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या. पिढ्यान् पिढ्या जिथून कवळ आणली तिथे आता वनरक्षक उभा राहिला. वन खात्याचे म्हणणे, राबापायी डोंगर बोडके होत आहेत. शेतकऱ्याचे म्हणणे, कवळ नाही तर दाढ नाही, दाढ नाही तर भात नाही. तक्रारी एवढ्या वाढल्या की १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. त्या अहवालामागचा मूळ प्रश्न एकच होता: उन्हाळ्यात शेतकऱ्याने झाडाला कोयता लावायचा की नाही.

फांदीबरोबर झाडही जाते, ही वन खात्याची भीती खोटी नव्हती. पण राब म्हणजे निव्वळ अडाणी जाळपोळ, हा समज खोटा होता, आणि तो मोडायला सरकारचेच शास्त्रज्ञ कामी आले. इंग्लंडहून शेतीच्या पाहणीसाठी आलेले रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३च्या आपल्या अहवालात राबाची गांभीर्याने दखल घेतली. पुढे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनी पश्चिम हिंदुस्थानातल्या राब पद्धतीवर प्रयोग करून १९१२ साली ते प्रसिद्ध केले. रोपे जोमाने येतात ती केवळ राखेच्या खतामुळे नव्हे, जमीन तापल्याने मातीत होणाऱ्या बदलांमुळेही, असे त्यांना आढळले. शिवाय तणाचे बी जळते आणि रोप उपटताना मुळे सहज सुटतात, हे तर कोणतीही कुणबीण सांगू शकली असती. जाळ का दाबायचा, वर माती का पसरायची, या प्रश्नांची उत्तरे शेतकऱ्याच्या हातात प्रयोगशाळेच्या कितीतरी आधीपासून होती.

राबासाठी शेण हवे, आणि शेणासाठी गुरे. कोकणातली गाय बुटकी, काटक, दुधाला कमी. बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला ती उपाशी ठेवल्यासारखी दिसते. पण कातळावर चढणारी, डोंगरउतारावरच्या रुक्ष गवतावर उन्हाळा काढणारी आणि चिखलात नांगर ओढणारी ही जात आहे. २०१८ साली ‘कोकण कपिला’ या नावाने तिची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. दूध हे तिचे दुय्यम काम. शेण आणि बैल हे मुख्य.

भात कापून झाले की गुरे मोकळी सुटत. कोणाचे शेत, कोणाचे गुरू हा भेद मृगापर्यंत राहत नसे. सारे शिवार चराईसाठी सगळ्यांचे. उन्हे कलताना ती आपापल्या गोठ्याकडे वळत, आणि मागून पोरे टोपल्या घेऊन शेण गोळा करत फिरत. या रिवाजाचा एक परिणाम असा, की हिवाळी-उन्हाळी ज्याला काही पिकवायचे असेल त्याने आपल्या तुकड्याभोवती कुंपण घालावे. गुरामागे धावायचे ते त्याने, गुरवाल्याने नाही. म्हणून जांभ्या दगडाचे गडगे. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड बसवून छातीएवढी भिंत उभी करायची. पावसात ती कुठेतरी ढासळणारच आणि दर उन्हाळ्यात ती पुन्हा रचायची. शेजाऱ्यांचे सगळ्यांत कडाक्याचे भांडण आणि सगळ्यांत जुने सहकार्य, दोन्ही या गडग्यावरच घडत आले.

खत देणारे पाहुणे घाटावरूनही येत. फलटण, खंडाळा, माण अशा कोरड्या मुलखातले मेंढपाळ धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येतात. कापलेल्या खाचरात रात्री मेंढरे बसवायची, लेंड्या-मुताचे खत जमिनीला द्यायचे आणि बदल्यात भात किंवा रोकड घ्यायची, हा करार लेखी कधीच नव्हता. ठरलेला वाडा, म्हणजे धनगरांचा तळ, ठरलेल्या गावी, बहुधा ठरलेल्या घराच्याच शेतात बसे. कोकणचा पाऊस मेंढीला सोसत नाही, ओल्या जमिनीत तिचे खूर कुजतात. म्हणून उन्हाळा चढू लागला की कळप परत घाटवाट धरतात. गुंटर सोन्थायमर या जर्मन संशोधकाने धनगरांच्या ओव्या आणि देवतांचा आयुष्यभर अभ्यास केला. खंडोबा-बिरोबाची वाट मेंढरांच्या वाटेपासून वेगळी काढता येत नाही, हे त्या अभ्यासातून पुन्हा पुन्हा दिसते.

त्याच मेंढीची लोकर कोकण्याच्या खांद्यावर परत येते. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर वर्षातून दोनदा कातरतात, धनगर बायका ती चात्यांवर कातून घेतात आणि सनगर किंवा खुटेकर खड्ड्याच्या मागावर तिची घोंगडी विणतात. सुताला चिंचोक्याची खळ लावतात, त्यामुळे नवी घोंगडी फळीसारखी ताठ असते. तिचा एक कोपरा आत दुमडून खोळ केली आणि डोक्यावर घेतली, की नांगरधारी गडी दिवसभर पावसात उभा राहू शकतो. लोकर भिजते, जड होते, पण अंगाची ऊब जाऊ देत नाही.

बाईला मात्र घोंगडी चालत नाही, कारण तिचे काम वाकून. लावणी करताना दोन्ही हात चिखलात, पाठ आडवी आणि वरून धारा. तिच्यासाठी इरले. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वरून डोक्यासारखा गोल आणि मागे पाठीवर उतरत गेलेला. त्यावर पळसाची पाने एकमेकांवर कौलांसारखी चढवून पुन्हा कामट्यांनी दाबून बांधायची. ते डोक्यावर बसते, हाताने धरावे लागत नाही, आणि वाकले की पाठीवर छप्पर होते. पान कोवळे घेतले तर सडते, फार जून घेतले तर बांधताना चिरते. म्हणून पाने कोणत्या आठवड्यात काढायची हेही घरातल्या जाणत्या बाईला ठाऊक असे. एक इरले एक पावसाळा टिके, दुसऱ्या वर्षी नवी पाने.

दोराचेही तसेच. किनारपट्टीला नारळाचा सोडणा खाडीच्या पाण्यात महिनोन् महिने कुजवायचा, मग बडवून काथ्या मोकळा करायचा आणि सावलीत बसून सुंभ वळायचे. डोंगराकडे कुंभ्याची साल. दावे, कासरा, शिंके, विहिरीचा दोर, सगळे घरचे.

या सगळ्या धामधुमीत अंगणाचा ताबा बायकांकडे असतो. एप्रिल संपता संपता रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, पिकतात, आणि मग रोजचा क्रम ठरतो. फळे फोडायची, बिया आणि गर वेगळा करायचा, साली उन्हात टाकायच्या. संध्याकाळी त्या गोळा करून मीठ घातलेल्या त्याच रसात बुडवायच्या. सकाळी पुन्हा उन्हात, संध्याकाळी पुन्हा रसात. चार-पाच वेळा असे झाल्यावर साल काळपट, लवचिक, आंबट-खारट होते. तेच आमसूल. एक दिवस आभाळ आले आणि साली ओल्या राहिल्या तर बुरशी धरते आणि सगळा घाट वाया जातो. म्हणून वैशाखातल्या वळवाची लगबग सगळ्यांत आधी आमसुलांच्या सुपाजवळ ऐकू येते. बियाही फेकायच्या नाहीत. त्या वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळल्या की वर तेल तरंगते. ते थंड होऊन घट्ट होते आणि त्याचे गोळे वळून ठेवतात. चिखलात भेगाळलेल्या टाचांना पावसाळाभर तेच औषध.

फणसाचे काहीच टाकण्यासारखे नसते. बरक्याच्या रसाची फणसपोळी, काप्याचे तळलेले गरे, आणि आठळ्या माती लावून कोपऱ्यात पुरून ठेवायच्या, म्हणजे श्रावणात भाजीला काही नसताना त्या हाताशी येतात. साल आणि पाव गुरांना. सोबतीला साठे, पापड, कुळथाचे पीठ. कोळणींकडून जवळा, बोंबील, सोडे भाताच्या बदल्यात यायचे. भात कणगीत, बियाणे पेंढ्याच्या मुड्यात घट्ट आवळून, आणि मुडा चुलीच्या धुराच्या वाटेवर ठेवलेला, म्हणजे कीड लागत नाही.

छपराचे काम शेवटी. गरिबाचे घर पेंढ्याने किंवा गवताने शाकारलेले, जरा बऱ्या स्थितीतल्याचे कुंभाराच्या नळीच्या कौलांचे. नळ्यांवर माकडे नाचतात, मांजरे पळतात, आणि वर्षभरात त्या सरकतातच. म्हणून दर उन्हाळ्यात सारे छप्पर उतरवून पुन्हा रचायचे. त्या दोन दिवसांत अख्खी वाडी एका घरावर असते. आज तुझ्याकडे, परवा माझ्याकडे, मजुरीचा विषयच नाही, दुपारचे जेवण तेवढे घरधन्याचे.

हे सगळे करायला माणसे होती कुठे? गावात तर बहुतेक घरांत म्हातारे, बाया आणि मुले. हाताशी आलेला गडी मुंबईला गिरणीत. मुंबईच्या कापड गिरण्यांत सर्वांत मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्याचा होता. घरातला तांदूळ सहा महिने पुरेल एवढाच आणि उरलेल्या महिन्यांसाठी मनीऑर्डर. पण एप्रिल-मेमध्ये हे गडी रजा मिळो न मिळो, गावी परतत. लग्ने असत हे खरे, पण घर शाकारायला आणि जमीन भाजायलाही हात लागत. गिरणीमालकांच्या हिशेबी ही गैरहजेरी, म्हणजे कामगाराचा बेशिस्तपणा. १९३१ साली व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही कामगार आयोगाने मात्र शहाणपणाची भूमिका घेतली. कामगाराचे गावाशी असलेले नाते तोडू नये, ते नियमित करावे, असे त्याने सुचवले. मुंबईची गिरणी आणि कोकणातली दाढ ही एकाच कुटुंबाची दोन शेते होती, हे त्यात मान्य झाले होते.

आणि खोत, म्हणजे गावचा सारा वसूल करणारा जमीनदार? त्याचा उल्लेख टाळून कोकणातला उन्हाळा सांगणे हा अन्याय होईल. १८८०च्या खोती कायद्याखाली कुळाने अर्धेलीने, म्हणजे अर्धा भात खोताला देऊन शेती करायची, वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या, जमिनीवर तिर्धेली, म्हणजे तिसरा हिस्सा. त्याशिवाय वेठ. आपले छप्पर उघडे असताना आधी खोताच्या घरी राबायला जायचे, हे कुळाच्या वाट्याला आलेले दुःख होते. कवळ तोडायचे झाडसुद्धा पुष्कळदा कुळाचे नसे. १९३३ साली अलिबाग तालुक्यात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीच्या शेतकऱ्यांनी संप पुकारला आणि खोतांच्या जमिनी कसायचे नाकारले. सहा वर्षे तो चालला. त्या काळात ही कुटुंबे जगली ती लाकूडफाटा विकून आणि मिळेल ती मोलमजुरी करून. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. प्रत्यक्ष कायदा झाला तो १९४९ साली.

त्यानंतर उन्हाळा बदलत गेला, पण एका झटक्यात नाही. मंगळुरी कौले बासेल मिशनच्या १८६५च्या कारखान्यापासून बनत होती. ती कोकणातल्या सामान्य घरावर चढायला जवळजवळ शतक लागले, आणि चढली तेव्हा शाकारणीचे दोन दिवस संपले. इरल्याची जागा प्लास्टिकच्या कागदाने घेतली. पळसाची पाने निवडणारी नजर एका पिढीत गेली. १९८२च्या गिरणी संपानंतर परतीची मनीऑर्डर आटली आणि कित्येक घरे कायमची गावी आली, कित्येक कायमची मुंबईला राहिली.

सर्वांत मोठा बदल मात्र झाडांनी आणला. १९९० साली राज्य सरकारने रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवडीची योजना आणली, शंभर टक्के अनुदानाची. वरकस उतारांवर हापूस आणि काजूची कलमे लागली. कलम जगवायचे तर मोकळी गुरे चालत नाहीत. गावागावांत चराईबंदी झाली, गुरे बांधली गेली, बांधलेल्या गुरांना चारा कोण आणणार म्हणून ती विकली गेली. गुरे गेली तसे शेण गेले आणि शेण गेले तसा राब आकसला. नांगराच्या जागी पॉवर टिलर आला. जे काम १८७८च्या कायद्याला धाकाने साधले नव्हते, ते आंब्याच्या कलमाने बिनबोभाट साधले. कलमांनी कोकणात पैसा आणला, आणि तो पैसा या घरांना फार गरजेचा होता. पण त्याच्या बदल्यात काय दिले गेले, याचा हिशेब कृषी खात्याच्या तक्त्यांत सापडत नाही.

आमसुले टिकली. २०१६ साली सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले. बचत गटांच्या बायका आता अंगणाऐवजी सामायिक शेडमध्ये, ड्रायर लावून साली सुकवतात, आणि पूर्वी घराच्या बेगमीत जाणारे हे काम निदान काहींच्या हातात रोख पैसे देऊ लागले आहे.

राबही पूर्ण गेलेला नाही. मार्चमध्ये मंडणगड-पोलादपूरच्या उतारांवर अजून धूर दिसतो. आणि डॉ. नारायण सावंत यांनी कोकणातल्या लहान शेतकऱ्यासाठी जी चारसूत्री भातशेती बसवली, तिच्या पहिल्याच सूत्रात रोपवाटिकेच्या मातीत भाताच्या तुसाची काळी राख मिसळायला सांगितले आहे. रोपाला सिलिका मिळते, काडी कणखर होते, खोडकिडा कमी लागतो. त्यासाठी ऐनाची फांदी तोडावी लागत नाही. तूस भाताच्या गिरणीवर मिळते, आणि ते एप्रिलमध्येच आणून जाळून ठेवावे लागते.